नाव नको, गरज सांगा: दवाखान्यात आणि कामावर ऑटिस्टिक व दिव्यांग माणसाची सोय कशी मिळवायची

तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या पोटात दुखायला लागलं म्हणून त्याला घेऊन मी एका दवाखान्यात गेले होते. बसायला जागा नव्हती. डोक्यावरची ट्यूब फडफडत होती आणि दर दोन मिनिटांनी मोठ्यानं नाव पुकारलं जात होतं. पंधरा मिनिटांत तो जिन्याखाली जाऊन बसला, दोन्ही हातांनी कान दाबून, पुढेमागे डुलत. मी काउंटरवर जाऊन सांगितलं, "त्याला ऑटिझम आहे." तिथल्या दादांनी हळहळून मान हलवली. "अरेरे. बसा की जरा ताई, येईलच नंबर." तासाभरानं आम्ही तपासून न घेताच घरी आलो.

दोन दिवसांनी पुन्हा तिथंच गेलो. या वेळी मी म्हणाले, "आम्ही खाली रिक्षात बसतो. आमच्या आधी दोन जण राहिले की एक मिस्ड कॉल द्याल का?" तेच दादा म्हणाले, "देतो की, त्यात काय."

पहिल्या दिवशी मी त्यांना एक नाव सांगितलं होतं. त्या नावाचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी करायचं काम सांगितलं, ते त्यांनी केलं. पुढं भावाच्या नोकरीच्या वेळीही हेच उपयोगी पडलं. खाली लिहिलंय ते ऑटिस्टिक माणसांसाठी आहे, त्यांच्या घरच्यांसाठी आहे, आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या, कमी दिसणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. दवाखाना किंवा कारखाना चालवणाऱ्यांनी तर जरूर वाचावं.

एक शब्दाचं आधीच सांगते. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात आणि सरकारी कागदांवरही तेच येतं. पण माझा भाऊ स्वतःत मग्न नाही. त्याला बाहेरचं सगळं आपल्यापेक्षा जास्तच जाणवतं, पंख्याची कुरकुर, साबणाचा वास, शर्टाच्या कॉलरचं लेबल. म्हणून मी ऑटिझम हाच शब्द वापरते.

पहिली पायरी: कागद

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, आता २१ आहेत आणि त्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचं ओळखपत्र) यांसाठी अर्ज स्वावलंबन कार्डच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्जात तपासणीचं रुग्णालय निवडायचं असतं. कोल्हापूरकरांसाठी ते बहुधा दसरा चौकाजवळचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. जाण्याआधी मानसोपचार विभागाचे तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा वाचेल.

ऑटिझमच्या तपासणीत 'इसा' नावाची भारतीय मापनपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही असं धरतात. इथं मोठ्या वयाच्या माणसांची अडचण होते. वर्षानुवर्षं 'चारचौघांसारखं' वागायची सवय लावून घेतलेला माणूस त्या खोलीत वीस मिनिटं नीट बसतो, नजर मिळवतो, आणि घरी येऊन दोन दिवस अंथरुणात पडून राहतो. ते दोन दिवस तपासणाऱ्याला दिसत नाहीत. म्हणून पुरावा बरोबर न्या. शाळेची प्रगतिपुस्तकं, जुने डॉक्टरांचे कागद, लहानपणीचं वागणं आठवणारी आई, मावशी किंवा आजी. आणि चांगल्या दिवसाचं वर्णन करू नका, अवघड दिवसाचं करा. लेकराचं कौतुक सांगायची आपल्याला सवय असते, पण त्या खोलीत अडचण सांगायची असते.

आरक्षण आणि बऱ्याच योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. पण ४० च्या खाली आलं म्हणजे हक्कच संपले, हे खरं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता. गरजेप्रमाणे सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, असा निकाल लागला. टक्का कमी आला तरी कागद जपून ठेवा.

ज्याला प्रमाणपत्र नकोच आहे त्याच्या मागं लागू नका. तो त्याचा निर्णय.

दुसरी पायरी: एक पान

प्रमाणपत्रावर टक्का असतो, पण त्या माणसाशी कसं वागायचं ते नसतं. ते आपण लिहायचं. एका पानावर, मोठ्या अक्षरात, उभ्या उभ्या वाचता येईल असं. आमचं पहिलं पान असं होतं:

"मी २३ वर्षांचा आहे. माझ्याशी थेट बोला, ताईशी नको. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी दहा सेकंद थांबा. हात लावायच्या आधी सांगा. मी नजर मिळवत नसलो तरी ऐकत असतो. दुखलं तरी माझा चेहरा बदलत नाही, म्हणून मला शून्य ते दहा आकडा विचारा. खूप आवाज झाला तर माझं बोलणं बंद होतं, तेव्हा मोबाइलवर टाइप करतो. मला गर्दी सहन होत नाही."

त्याखाली औषधं, ॲलर्जी आणि घरचे दोन नंबर. बस्स. ऑटिझम म्हणजे काय हे त्यात समजावत बसू नका. दमलेल्या नर्सला तेवढा वेळ नसतो, आणि तिला गरज असते ती पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं याची.

बाकीच्यांचं पान त्यांच्या त्यांच्या गरजेचं. कानानं अधू असलेल्यानं लिहावं: "नाव पुकारू नका, समोर येऊन हात करा. मास्क खाली घेऊन बोला किंवा लिहून द्या." अंध माणसानं: "माझा हात ओढू नका, तुमचं कोपर मला धरू द्या." व्हीलचेअरवाल्यानं: "मला न विचारता खुर्ची ढकलू नका. तपासणीच्या टेबलावर चढायला दोन माणसं लागतात."

पान लॅमिनेट करा, फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवा.

तिसरी पायरी: दवाखान्याचा दिवस

निम्मं काम आदल्या दिवशीच होतं. फोन करून सकाळचा पहिला किंवा शेवटचा नंबर मागा. पहिल्या नंबराला थांबावं लागत नाही, शेवटच्या नंबराला डॉक्टरांना घाई नसते. आम्हाला पहिला बरा पडतो, कारण त्याचा दिवस पुढं रुळावर येतो. जमलं तर एकदा नुसतंच जाऊन या. दार, जिना, खुर्च्या, संडास कुठं आहे ते बघून, फोटो काढून परत या. दुसऱ्या खेपेला ती जागा नवी राहत नाही. नव्या जागेची भीती दुखण्यापेक्षा मोठी असू शकते, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही.

काय काय होणार ते क्रमानं लिहून द्या: नाव नोंदवणं, वजन, बीपी, डॉक्टर, कदाचित रक्त. 'कदाचित' हा शब्द लिहायला विसरू नका. न सांगता झालेलं रक्त तपासणं हा माझ्या भावाच्या लेखी विश्वासघात असतो, आणि मला तो तसाच वाटतो.

सुईची भीती असेल तर डॉक्टरांना त्वचा बधिर करणारं मलम आधी लिहून द्यायला सांगा. ते साधारण तासभर आधी लावून वर पट्टी चिकटवावी लागते. तिथं गेल्यावर मागितलं तर उपयोग नाही. बीपीचा पट्टा करकचून आवळतो, तो आधी ताईच्या दंडाला लावून दाखवायला सांगा. बरोबर हेडफोन, टोपी, पाण्याची स्वतःची बाटली आणि हातात खेळवायची वस्तू असू द्या.

खोलीत गेल्यावर सगळ्यात जास्त लक्ष कशाकडं द्यायचं? 'हे त्याच्या ऑटिझममुळंच आहे' या वाक्याकडं. माणूस डोकं आपटतोय, जेवत नाहीये, रात्रभर जागतोय, तर ते ऑटिझमच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायची घाई होते. खरं कारण किडलेली दाढ असू शकतं, बद्धकोष्ठता असू शकते, कान फुटलेला असू शकतो. ऑटिस्टिक लोकांत पोटाच्या तक्रारी, झोपेचे त्रास आणि फिट येणं इतरांपेक्षा जास्त आढळतं. भावाच्या त्या पोटदुखीचं कारण बद्धकोष्ठता निघालं. आदल्या आठवड्यात तो चिडचिडा झाला होता ते त्यामुळं, आणि आम्ही घरचेच म्हणत होतो की त्याचं रूटीन बिघडलंय. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: "हाच त्रास घेऊन दुसरा कुणी आला असता तर तुम्ही काय तपासलं असतं? तेच याचंही तपासा."

वागण्यात अचानक बदल झाला तर तो कधीपासून ते तारखेनं सांगा. 'हल्ली असं करतो' यापेक्षा 'गेल्या मंगळवारपासून डाव्या बाजूनं चावत नाही' हे डॉक्टरांच्या कामाचं.

दाखल करावं लागलं तर कोपऱ्यातला पलंग, रात्री दिवा मंद, आणि ओळखीचं एक माणूस सतत जवळ, एवढं पहिल्याच दिवशी लेखी मागा. शिफ्ट बदलली की नव्या नर्सला पुन्हा पान दाखवा. मी ते उशाशी चिकटपट्टीनं लावून ठेवते.

माणूस १८ वर्षांचा झाला की संमती त्याची. आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. गरज असेल तर तो मार्ग आहे, पण घाईनं जाऊ नका. बरीच माणसं नीट समजावलं, वेळ दिला, तर स्वतः ठरवू शकतात. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना मात्र लवकर घ्या. एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपीचा, ओपीडीचा खर्चही त्यात ठराविक मर्यादेपर्यंत धरतात.

दवाखाना चालवणाऱ्यांसाठी

२०१६ च्या कायद्याचं कलम २५ सरकारवर जबाबदारी टाकतं की सरकारी आणि खाजगी दोन्ही रुग्णालयांत दिव्यांगांना अडथळ्याविना वावरता यावं, आणि तपासणीत त्यांना प्राधान्य मिळावं. प्राधान्याची पाटी अनेक ठिकाणी असते. ती वाचून स्वतः पुढं येणारा माणूस विरळा, कारण रांगेतल्या नजरा झेलाव्या लागतात. म्हणून नंबर देतानाच प्रत्येकाला विचारा: "काही वेगळी सोय लागणार आहे का?" हा एक प्रश्न फुकट आहे.

रॅम्पबद्दल स्पष्ट बोलते. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे प्रमाण. शहरात पायऱ्यांवर सिमेंटची घसरगुंडी ओतून तिला रॅम्प म्हटलेलं मी बघितलंय. त्यावरून व्हीलचेअर खाली येताना माणूस तोंडावर पडेल. जागा नसेल तर रॅम्प वळवून घ्या, कठडा लावा. दार निदान ९०० मिलिमीटर रुंद हवं. आणि रॅम्पच्या तोंडाशी दुचाकी लावू देऊ नका.

एक खोली, नाहीतर एक कोपरा तरी शांत ठेवा. फडफडणारी ट्यूब बदला. टीव्हीचा आवाज बंद करा, कुणी ऐकत नसतं.

चौथी पायरी: काम

भाऊ आता शिरोली एमआयडीसीत एका मशिन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. मायक्रोमीटर आणि गेज ही मापाची साधनं घेऊन जॉब, म्हणजे यंत्रावर बनलेले सुटे भाग, तपासतो. शंभर सारख्या जॉबमधला एक वेगळा त्याला दिसतो, आणि चौऱ्याहत्तराव्या जॉबलाही त्याचं लक्ष तेवढंच असतं. पण ही नोकरी त्याला मुलाखतीत मिळाली नाही. त्याआधीच्या तीन मुलाखतींत 'स्वतःबद्दल सांगा' या पहिल्याच प्रश्नाला तो गप्प बसला आणि तिथंच सगळं संपलं. चौथ्या वेळी आम्ही आधीच फोन करून मालकांना विचारलं, "बोलून बघण्याऐवजी अर्धा तास काम देऊन बघाल का?" त्यांनी वीस जॉब पुढ्यात ठेवले, त्यात तीन मापात नसलेले. त्यानं तिन्ही काढले. हीच मागणी तुम्हीही करा. गेज वाचायच्या कामाला गप्पा मारता येणं कशाला लागतं, हे विचारायला लाजू नका.

सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी. खाजगीत आरक्षण नाही, पण कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. २० किंवा जास्त कामगार असतील तर त्यात कोणत्या सोयी देणार ते लिहावं लागतं आणि संपर्क अधिकारी नेमावा लागतो, असं २०१७ च्या केंद्रीय नियमांत आहे. नोकरीवर रुजू होताना हे धोरण मागा. बऱ्याच मालकांना ते माहीतच नसतं. भांडण म्हणून मागू नका, नमुना घेऊन जा आणि बसून भरायला मदत करा.

दिव्यांगत्व कधी सांगायचं? माझं मत: सोय मुलाखतीतच लागणार असेल तर आधी, नाहीतर काम हातात आल्यावर. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण आपलं काम दिसायच्या आधी आपला कागद दिसू नये. यंत्रावरच्या सुरक्षेशी संबंध असेल, उदाहरणार्थ फिट येत असतील, तर मात्र पहिल्या दिवसाआधीच सांगा.

सोय मागताना अर्ज लहान ठेवा. भावाचा असा होता:

"मा. व्यवस्थापक, मी गेज तपासणीला आहे. कॉम्प्रेसरशेजारी बसल्यानं मला प्रत्येक माप दोनदा घ्यावं लागतं. माझं टेबल स्टोअरच्या भिंतीकडं हलवावं आणि कामाचा क्रम बदलला तर तोंडी न सांगता पाटीवर लिहावा, ही विनंती. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अशा वाजवी सोयीची तरतूद आहे. एक महिना करून बघू आणि मग एकत्र बसून ठरवू."

यात तीन गोष्टी आहेत: अडचण कामाच्या भाषेत, मागणी मोजता येईल अशी, आणि मुदत. 'मला समजून घ्या' असं लिहिलं की मालक समजून घेतात आणि टेबल तिथंच राहतं. अर्जाची प्रत तारखेसह स्वतःकडं ठेवा.

टेबल हलवायला एक पैसा लागला नाही. पाटीचा तर इतका उपयोग झाला की आता सगळेच कामगार आधी पाटी बघतात. हेडफोनवरून मात्र बराच विचार करावा लागला. शॉप फ्लोअरवर फोर्कलिफ्ट फिरते, तिचा हॉर्न ऐकू आला नाही तर जीव जाईल. शेवटी मार्ग निघाला: कानांत प्लग फक्त टेबलापाशी, चालायच्या पट्ट्यावर काढायचे, आणि फोर्कलिफ्टवर फिरता दिवा. तो दिवा कमी ऐकू येणाऱ्या दुसऱ्या एका काकांच्याही उपयोगी पडला. सोय मागताना धोका नाकारू नका, त्यावर दोघांनी मिळून उत्तर शोधा.

ऑफिसच्या कामात संगणकावर बसणाऱ्या अंध सहकाऱ्यासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळतो. खर्चाचं कारण पुढं आलं की हे सांगा.

आणि मग सहकाऱ्यांचा प्रश्न येतोच: "त्यालाच का? आम्हाला नाही का आवाजाचा त्रास?" हा प्रश्न रास्त आहे, उडवून लावू नका. कोल्हापुरात याचं उत्तर द्यायला फार लांब जावं लागत नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्यावर आक्षेप घेणाऱ्या वकिलाला त्यांनी पागेत नेलं आणि सगळ्या घोड्यांची चंदी एकाच जागी ओतायला लावली, असं सांगतात. दांडग्या घोड्यांनी सगळी फस्त केली, अशक्त शिंगरं मागं राहिली. आमच्या सुपरवायझर काकांनी ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत सांगितली आणि पुढं म्हणाले, "आणि तुला खरंच त्रास होत असंल तर तूबी अर्ज दे की." हे दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पाचवी पायरी: नकार आला तर

आधी लेखी उत्तर मागा. सरकारी कार्यालयात कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी असतो आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत त्यानं चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडं जाता येतं. सरकारी नोकरीत असताना अपघातानं वा आजारानं दिव्यांगत्व आलं, तर त्या कारणावरून कमी करता येत नाही वा खालच्या पदावर टाकता येत नाही. त्याच पगाराचं दुसरं काम द्यावं लागतं. कुणी राजीनाम्याचा कागद पुढं केला तर सही करू नका.

खाजगी असो वा सरकारी, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करता येते. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. कायदा मोडल्याचा पहिला दंड १० हजार रुपयांपर्यंत, त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजार ते ५ लाख. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका: दिव्यांग व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कोल्हापुरात त्यासाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात चौकशी करा. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरातच बसतं, त्यामुळं मुंबईची वारी टळली आहे.

एकट्यानं करू नका. १९८४ पासून कोल्हापुरात काम करणारी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था नसीमा हुरजूक यांनी उभी केली. त्या स्वतः व्हीलचेअरवर असून त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आहे. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शेंडा पार्कजवळची चेतना आहे. अशा ठिकाणी आधी हाच रस्ता चालून गेलेली माणसं भेटतात, आणि कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे त्यांना माहीत असतं.

सहावी पायरी: पान दरवर्षी बदला

ते पहिलं पान मी लिहिलं होतं, भावाला शेजारी बसवून, पण शब्द माझे होते. गेल्या वर्षी कामावर द्यायला नवी प्रत काढायची होती म्हणून मी ते त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि पेन दिलं. 'मला गर्दी सहन होत नाही' या ओळीवर तो बराच वेळ थांबला. दर हंगामात तो शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला जातो, काठाच्या त्याच पायरीवर बसतो, हजारो माणसांत. हे मला ठाऊक असूनही मी ती ओळ लिहिली होती.

त्यानं ती खोडली आणि खाली लिहिलं, "गर्दी चालते. न सांगता लागलेला धक्का चालत नाही."